कौलं उतरवून रंगीत गॅल्व्हल्यूम पत्रा: घाटमाथ्याच्या पावसात कितपत टिकतो, आणि छप्पर बदलायची वेळ झाली हे कशावरून ओळखायचं

महाबळेश्वर, बामणोली, कोयनानगर, पाटणचा पश्चिम भाग आणि शिराळ्याचा चांदोलीकडचा पट्टा, या भागात मंगलोरी कौलं उतरवून रंगीत गॅल्व्हल्यूम पत्रा, म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप आणि वर रंग दिलेला पोलादी पत्रा, घालायचा विचार असेल तर आमचं मत असं: माल चांगला आहे, जरूर घाला. पण तो ०.५० मिलिमीटर जाडीचा हवा, त्यावर एझेड १५० चा लेप हवा (या आकड्याचा अर्थ पुढे सांगितला आहे) आणि कारागीर पत्रा ग्राइंडरनं न कापणारा हवा. यातली एक गोष्ट जरी सुटली तरी चार पावसाळ्यांत 'जुनी कौलंच बरी होती' म्हणायची पाळी येते.

आणि माल निवडण्याच्या आधी ठरवायची गोष्ट म्हणजे छप्पर खरंच बदलायला झालंय का. गळतंय एवढं कारण पुरेसं नाही. गळती कौलांची असते, छप्पर जातं ते लाकडामुळे. हा फरक न करता पुष्कळ छपरं उतरवली जातात. त्यातली बरीचशी नीट शाकारणीवर आणखी काही वर्षं निभावली असती.

तपासणीची वेळ भाद्रपद. पाऊस ओसरत आलेला असतो, पण ओल अजून बोलत असते. दिवाळीनंतर सगळं कोरडं झालं की गळतीची जागा भिंतीवरच्या डागावरून ओळखावी लागते आणि डाग फसवतो. पाणी वरच्या रिपेवर शिरतं, वाशाच्या पोटाखालून घरंगळत जातं आणि पाच-सहा फूट लांब थेंब सोडतं. म्हणून पाऊस चालू असताना माळ्यावर चढायचं, बॅटरी मारायची आणि ओला वासा वरच्या दिशेनं बघत जायचा. जिथे ओल सुरू होते तिथे खडूची खूण करायची. खुणा मोजल्या की अर्धा निर्णय तिथेच होतो. तीन-चार जागी विखुरलेल्या असतील तर कौलं सरकलेली आहेत. पण सगळ्या खुणा एका रेषेत, दोन पाखी, म्हणजे छपराचे दोन उतार, आत मिळतात त्या पन्हळीखाली असतील, तर पन्हळीचा पत्रा गेला आहे. तेवढाच बदला. अख्खं छप्पर उघडू नका.

लाकूड तपासायला फक्त एक पेचकस लागतो. वाशाचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे आणि वळचणीजवळ तो हातानं दाबायचा. सागवान किंवा जांभूळ धडधाकट असेल तर टोक जेमतेम खरवडतं. पाव इंचाच्या पुढे सहज रुतलं तर ते टोक कुजलेलं आहे. पाखाच्या मधोमध वासे सहसा ठीक असतात, कारण तिथे वारा लागतो. भिंतीत दडलेलं टोक मात्र कधीच वाळत नाही. दोन-तीन टोकं गेली असतील तर बाजूला नवा तुकडा जोडून काम भागतं. पण वाशांपैकी चौथ्या हिश्शाच्या वर टोकं मऊ लागली, किंवा आढ्याच्या तुळईला वाळवीची मातीची रेघ दिसली, तर छप्पर बदलायची वेळ झाली. वरची कौलं कितीही लाल-कोरी दिसोत. याच वेळी आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून पाहा. बारा फुटांत इंचभर झोल जुन्या घराला असतोच. दोन इंच झाला की कौलांचे सांधे उघडतात, आणि मग कितीही शाकारलं तरी पुढच्या आषाढात पाणी तिथूनच येतं.

कौलाचीही परीक्षा घ्या. एक कौल उतरवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि बोटाच्या पेरानं वाजवा. भांड्यासारखा आवाज आला तर भाजणी शाबूत आहे. 'ठप' वाजलं तर आत बारीक तडा आहे. मग ते किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, दिवसभर पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. अडीच किलोच्या कौलानं अर्धा किलोहून जास्त पाणी प्यायलं असेल तर ते पावसाळाभर ओलं राहणार आणि खालची रीप कुजवणार. कौलाच्या पोटाला पांढरी भुकटी आणि पापुद्रे सुटलेले दिसणं ही त्याचीच पुढची पायरी. असं एखाद-दुसरं कौल असेल तर बदलून टाका. मात्र जुन्या कौलाच्या खाचेत दुसऱ्या कारखान्याचं कौल नीट बसत नाही. त्यामुळे बदली कौलं घेताना घरचं एक कौल सोबत नेऊन जागेवरच जोडून पाहा. महाबळेश्वर-पाचगणीकडे कौलं फुटण्याचं मोठं कारण वानरं आहेत. दरवर्षी पन्नास-साठ कौलं फक्त वानरांपायी जात असतील, तर लाकूड ठणठणीत असूनही पत्र्याचा विचार करणं रास्त आहे.

सिमेंटच्या पत्र्याचा हिशोब वेगळा. त्याचं लाकूड नव्हे, भोकं बघायची. जे-बोल्टच्या (पत्रा दांडीला धरणाऱ्या आकड्याच्या बोल्टच्या) भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा गेल्या असतील, पावसात पत्र्याच्या पोटाला ओला डाग उमटत असेल आणि कडा हाताला लोकरीसारख्या लागत असतील तर तो संपला. त्यावर डांबर किंवा वॉटरप्रूफिंगचा लेप मारून वर्षे ढकलू नका. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसाचे गंभीर आजार आणि कर्करोग होऊ शकतो. म्हणून तो तारेच्या ब्रशनं घासायचा नाही, कटरनं कापायचा नाही आणि वरून खाली फेकायचा नाही. पाणी मारून ओला करायचा, बोल्ट कापायचे, पत्रा अख्खा उतरवायचा. उतरवणाऱ्यांच्या तोंडावर साधा रुमाल नव्हे, तंतू अडवणारा मास्क हवा. आणि त्या पत्र्यावर कोणी थेट पाय देऊ नये. फळी टाकून, तीही खालच्या आडव्या दांडीच्या रेषेवर टाकूनच चालावं.

आता पत्र्याकडे.

रंगीत पत्रा म्हटलं की दुकानदार रंग दाखवतो. रंगाकडे सगळ्यात शेवटी बघा. पत्रा टिकतो तो रंगाखालच्या लेपामुळे. गॅल्व्हल्यूमच्या लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्का सिलिकॉन असतं. ॲल्युमिनियम पाण्याला अडवतं, तर ओरखडा पडला की शेजारचं जस्त आधी स्वतः झिजून पोलाद वाचवतं. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप. बाजारात एझेड ७० चा पत्राही तितकाच चकचकीत दिसतो, स्वस्तही पडतो. माण-खटाव, जत किंवा आटपाडीत, जिथे पावसापेक्षा ऊन जास्त, तिथे तो निभेल. घाटमाथ्यावर नाही. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पत्रा आठवडेच्या आठवडे वाळतच नाही. आयएस १५९६५ हे या रंगीत पत्र्याचं भारतीय मानक आहे. टाटा ब्लूस्कोपचा ड्युराशाईन किंवा जेएसडब्ल्यूचा कलरऑन प्लस यांसारख्या नावाच्या मालाच्या पाठीवरची छपाई वाचून घ्या. पाठ कोरी असेल तर लेपाचा आकडा तोंडी मान्य करू नका, कॉइलचं, म्हणजे पत्र्याच्या मूळ गुंडाळीचं, टेस्ट सर्टिफिकेट मागा.

जाडीत फसवणूक सर्वांत सोपी असते. '०.५०' हा आकडा लेपासह जाडीचा, म्हणजे टीसीटी. आतलं पोलाद, म्हणजे बीएमटी, साधारण ०.४५ असतं. काही ठिकाणी रंगाची जाडीही त्यात मोजून ०.४५ चा पत्रा ०.५० म्हणून दिला जातो. डोळ्याला तो फरक कळत नाही, पण काट्याला कळतो. १२२० मिलिमीटरच्या कॉइलपासून बनलेला पत्रा बसवल्यावर साडेतीन फूट रुंदी झाकतो. त्याच्या एका धावत्या फुटाचं वजन ०.५० जाडीत १ किलो ३८० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे १५ फुटी पत्रा साडेवीस किलोच्या घरात हवा. काटा १९ च्या खाली थांबला तर तो ०.४५ चा किंवा त्याहून पातळ समजा. ४० फूट लांब आणि दोन्ही पाखी १५-१५ फुटांची असं घर धरलं तर दर पाखीला १२, म्हणजे २४ पत्रे लागतात. एकूण ३६० धावते फूट, वजन जवळपास ५०० किलो. जाडीत ०.०५ चा घोळ झाला तर ५० किलो पोलाद कमी येतं आणि बिल मात्र पुरतं लागतं. माल उतरवून घेताना एक पत्रा तोलणं एवढंच करायचं असतं.

त्याच घरावर मंगलोरी कौलं साधारण १६५० ते १७०० लागतात आणि त्यांचं वजन चार टनांच्या पुढे जातं. म्हणजे छपरावरचं साडेतीन टनांहून जास्त ओझं उतरतं. भिंतींना ते बरंच आहे, पण त्यातच पत्र्याची खरी मेख आहे. कौलांचं छप्पर स्वतःच्या वजनानं बसून राहतं, पत्र्याचं छप्पर धरून ठेवावं लागतं. चैत्र-वैशाखातल्या वळवाच्या वावटळीत उडतात ते पत्रेच. जुने वासे भिंतीच्या माथ्यावर नुसते टेकलेले असतील तर पत्रा घालण्याआधी प्रत्येक वासा लोखंडी पट्टीनं भिंतीशी किंवा भिंतीवरच्या लाकडाशी बांधून घ्या. कोटेशनमध्ये हे काम क्वचितच लिहिलेलं असतं, तुम्हीच लिहायला लावा.

जुन्या रिपांवर पत्रा ठोकायला देऊ नका. रीप जेमतेम इंचभर जाडीची, त्यात स्क्रू काय धरणार? वाशांवर आडव्या चौकोनी लोखंडी पाइपच्या दांड्या टाकायच्या, पाइपच्या पत्र्याची जाडी निदान २ मिलिमीटर, म्हणजे स्क्रूचे आटे धरतात. दोन दांड्यांतलं अंतर चार फुटांपर्यंत. वळचणीकडची आणि आढ्याजवळची शेवटची अंतरं थोडी कमी ठेवा, कारण वारा कडेपासूनच पत्रा उचलायला बघतो. शेवटच्या दांडीपुढे पत्रा फूटभरच बाहेर काढा. पाइपची दोन्ही तोंडं झाकून घ्या, नाहीतर आत पाणी साचतं आणि दांडी आतून कुजते. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा प्रायमर हवाच. गंज पहिला तिथे येतो.

आता स्क्रू. इतक्या छपराला ६०० च्या पुढे स्क्रू लागतात. म्हणजे चांगल्या पत्र्याला आपण होऊन सहाशे भोकं पाडायची. एक स्क्रू हातात घेऊन पाहा. डोक्याखाली धातूची चकती आणि तिच्या पोटाला काळं रबर असतं. हे रबर ईपीडीएमचं, म्हणजे ऊन सोसणारं कृत्रिम रबर, असावं. साधं रबर उन्हानं दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकतं. नखानं दाबलं की दबलं पाहिजे आणि सोडलं की पूर्ववत झालं पाहिजे. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खोबणीत नाही, कारण पाणी खोबणीतून वाहतं. किती घट्ट करायचा? रबर चकतीच्या कडेला किंचित डोकावलं की थांबायचं. चकती पत्र्यात रुतून आजूबाजूला खळगा पडला तर पाणी त्याच खळग्यात साचतं आणि रबर फाटलेलं असतं. ड्रिल मशीनचा वेग कमी ठेवून, स्क्रू सरळ उभा धरून काम करणारा कारागीर दिवसाला कमी पत्रे बसवतो. त्याला घाई करू नका.

भोकं पाडताना लोखंडाचा जो बारीक कीस पडतो तो त्याच संध्याकाळी मऊ झाडूनं झाडायचा. रात्री दव पडलं की त्याचा गंज होतो आणि पत्र्यावर तांबडे ठिपके कायमचे बसतात. लोक त्यावरून पत्रा वाईट निघाला म्हणतात. ग्राइंडरचंही तेच. ठिणगी जिथे पडते तिथे रंग आणि लेप दोन्ही जळतात, आणि कापलेली कड तापल्यानं तिथलं जस्तही गेलेलं असतं. पत्रा कातरीनं किंवा निबलरनं (ठिणगी न उडवता पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्रानं) कापावा. त्याहून बरं म्हणजे आढ्यापासून वळचणीपर्यंतचं माप आधीच देऊन एकसंध पत्रा मागवावा. १५ फुटी पाखीला मध्ये जोड कशाला हवा? जोड टाळता आलाच नाही तर वरचा पत्रा खालच्यावर निदान ६ इंच चढवा, उतार कमी असेल तर ८ ते ९ इंच, आणि मध्ये सीलंटची पट्टी घाला.

आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पत्रे घालायला पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करायची आणि पश्चिमेकडे सरकायचं. म्हणजे प्रत्येक नवा पत्रा आधीच्याच्या कडेवर चढतो आणि सांध्याची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला येते. उलट घातले तर वारा पाणी थेट सांध्यात भरतो. आढ्यावरची टोपी दोन्ही पाखींवर निदान ६-६ इंच उतरावी. तिच्याखाली पत्र्याच्या खोबण्यांची टोकं वर वळवून घ्यावीत आणि फोमचे फिलर बसवावेत. घाटमाथ्यावर वाऱ्याच्या जोरानं पाणी उताराच्या उलट्या दिशेनं चढतं. टोपीखाली ओल दिसली की कारागीर सिलिकॉन भरतात, पण दोष वळवायच्या राहिलेल्या टोकांचा असतो.

गवंड्यावर लक्ष ठेवा. पत्रा भिंतीला मिळतो तिथे तो सवयीनं सिमेंटचा मसाला लावून फट बुजवतो. ओल्या सिमेंटचा क्षार गॅल्व्हल्यूममधलं ॲल्युमिनियम खातो. तिथे भिंतीत खाच मारून पत्र्याची पट्टी बसवायची आणि सीलंट लावायचं. तांब्याचंही गॅल्व्हल्यूमशी जमत नाही. सोलर हीटरच्या तांब्याच्या नळीवरून ठिबकणारं पाणी वर्षानुवर्षं एकाच रेषेत पडलं तर त्या रेषेत पत्रा खचतो. आणि बंदिस्त गोठ्यावर हा पत्रा घालू नका. जनावरांच्या मुतातून उठणारा अमोनिया आणि दमट हवा पत्र्याला खालून, म्हणजे पातळ रंगाच्या बाजूनं खाते. भिंती नसलेल्या, चहूबाजूंनी वारा खेळणाऱ्या गोठ्यात तो तग धरतो, पण पावसाळ्यात चारी बाजूंनी ताडपत्री लावलेल्या गोठ्यात नाही.

किती पाण्याशी गाठ आहे तेही ध्यानात घ्या. महाबळेश्वरला जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जत-आटपाडीकडे वर्षभरात जवळपास तेवढा पडतो. चौरस मीटरला एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. या हिशोबानं १००० चौरस फुटांवर एका दिवसात ५५ हजार लिटर पाणी आलं. पन्हळ लावणार असाल तर ती सहा इंच रुंद, दर दहा फुटाला इंचभर उतार आणि दोन्ही टोकांना चार इंची पाइप अशी असू द्या. मधे एकच तीन इंची पाइप दिला तर पन्हळ भरून मागच्या बाजूनं भिंतीवर उतरते. त्यापेक्षा पन्हळ नकोच. पागोळ्या मोकळ्या पडू द्या आणि खाली दगडी फरसबंदी करा.

पत्र्याचे दोष कामातल्या चुकांपुरते नाहीत. आवाज होतो, फार होतो. मुसळधार पावसात घरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. महाबळेश्वरच्या धुक्यात पत्र्याला पोटाकडून घाम येतो आणि थेंब गादीवर पडतात. लोक त्याला गळती समजून स्क्रू आवळत बसतात. दोन्हीवर उपाय एकच: पत्र्याखाली फॉइलचं इन्सुलेशन आणि त्याखाली लाकडी किंवा बोर्डाची तक्तपोशी, मध्ये हवा खेळायला वळचणीला आणि आढ्याला जाळी. हा खर्च पत्र्याच्या खर्चातच धरा. कौलांच्या घरात धूर आणि दमट हवा सांध्यांतून आपोआप बाहेर जायची, पत्र्याच्या घरात ती कोंडते. चुलीचं स्वयंपाकघर असेल तर धुराला वेगळी वाट ठेवा. उन्हाळ्यात तक्तपोशीशिवायचा पत्रा दुपारी भट्टी होतो, हे वाईत आणि सांगलीत जास्त जाणवतं.

सातारा, कराड, सांगली शहरात स्लॅबवर पत्र्याची शेड घालून गळती थांबवायची पद्धत आहे. पाणी थांबतं हे खरं. पण खालून प्लास्टर फुगून सळ्या तांबड्या दिसत असतील तर आधी त्या सळ्यांची दुरुस्ती करून घ्या. शेडच्या खांबांसाठी स्लॅबमध्ये नवी भोकंही पाडू नका.

काम मार्गशीर्ष ते फाल्गुनात उरका. वळवाच्या आत पत्रे, टोपी आणि कडेच्या पट्ट्या सगळं बसलेलं हवं. अर्धवट छप्पर सगळ्यात आधी उडतं. बिलावर 'रंगीत पत्रा २४ नग' एवढंच लिहून घेऊ नका. 'गॅल्व्हल्यूम, ०.५० टीसीटी, एझेड १५०, एकूण वजन इतके किलो, ईपीडीएम वॉशरचे स्क्रू' असं लिहून घ्या. पहिला पावसाळा झाला की दिवाळीआधी कोणाला तरी वर चढवून सगळे स्क्रू एकदा हातानं तपासा. सैल निघालेल्या स्क्रूच्या जागी तोच पुन्हा आवळायचा नाही, एक माप जाड स्क्रू नव्या वॉशरसकट घालायचा.